मानेकाकींचा घोडेस्वार

आम्ही कलकत्त्यात होतो तोवर आमच्या ह्यांच्या ऑफिसच्या कोटाच्या खांद्यावर कायम एक पिवळा डाग असायचा. मी ब्रशने झाडायची, ओल्या फडक्याने पुसायची, उन्हात टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतले बंगाली सहकारी आधी नुसते आडून बघत. मग सरळच विचारायला लागले, की आपटेबाबू, तुमच्या घरी रोज कोणाची हळद असते? डाग हळदीचाच होता आणि तो वरून पडायचा. वरून म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंच्या, मानेकाकींच्या हातून.

बहूबाजारच्या मागच्या गल्लीतलं ते तीन मजली घर मूळ कुण्या बंगाली जमीनदाराचं. तळमजल्यावर बेला नावाची, फाळणीत पूर्व बंगालमधून आलेली तरुण बाई, तिचा कारकून नवरा आणि छोटी टुनी. पहिल्या मजल्यावर काकी आणि त्यांचा पुतण्या दिनकर. त्याच्यावर आम्ही. दरवाजाच्या वर आणि काकींच्या खिडकीच्या खाली, भिंतीतून पुढे आलेलं चुन्याचं एक शिल्प होतं. दौडणारा घोडा, त्यावर पागोटं बांधलेला भालेवाला स्वार, त्याच्या पाठीशी बसलेली बाई आणि घोड्याच्या पायाशी कुत्रं. आता तुम्हीच सांगा, महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने यात काय बघावं? घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रं. आमचं कुलदैवत कोकणातलं, तरी पहिल्या दिवशी सामान उतरवताना माझेसुद्धा हात जोडले गेले.

काकींनी तर हे घर घेतलंच त्या मूर्तीसाठी. मानेकाकांचा गलाईचा धंदा, म्हणजे सोन्याचांदीची मोड वितळवून शुद्ध करून द्यायची. विट्याकडची बरीच मंडळी या धंद्यापायी मुलूखभर पांगली, त्यातले हे एक. दलालाने त्यांना घर दाखवायला आणलं तेव्हा छप्पर गळत होतं आणि जिना हलत होता, आणि काकांनी पाठ फिरवली होती. काकींनी मान वर करून दरवाजाकडे पाहिलं आणि समोरच्या ओट्यावर जी बैठक मारली ती काही केल्या उठेचनात. म्हणाल्या, मल्हारी आधी येऊन बसलाय, आपणच उशीर केला. काकांचा नाइलाज झाला. पुढे काका गेले, धंदा दिनकरने सांभाळला, आणि काकींनी मल्हारीला सांभाळलं. रोज अंघोळ झाली की खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकायचं आणि बांबूच्या टोकाला बांधलेल्या फडक्याने स्वाराला भंडारा लावायचा. रविवारी दुप्पट. आमच्या ह्यांची ऑफिसला निघायची वेळ नेमकी तीच. मी एकदा तक्रार केली, तर काकींनी माझ्याकडे अशा काही कौतुकाने पाहिलं की विचारू नका. "तुझ्या नवऱ्याला रोज प्रसाद मिळतोय, आन् तू रडतीस?"

काकी अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. जाड काठाचं नऊवारी, दातांना मिश्री, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ट्राममधून उतरणाऱ्याला घरातली भाजी कळावी. उभा जन्म कलकत्त्यात काढला, पण बंगालीचा एक शब्द जिभेवर येऊ दिला नाही. सगळ्यांशी मराठीच. मासेवाल्याशी त्या मराठीत भांडत, तो बंगालीत भांडे, आणि शेवटी दोघांच्याही मनासारखा भाव ठरे. मी विचारलं, काकी, त्याला कळतं कसं? तर म्हणाल्या, भांडण कळायला भाषा लागते व्हय? त्यातून दादा, काका, मामा हे शब्द दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे त्यांचं कुठे अडत नसे. आणि गल्ली त्यांना काकीच म्हणायची.

दिनकरची गोष्ट उलटी. तो जन्मापासून तिथलाच. बोलायचा मराठी, पण विचार बंगालीतून करायचा. कारखान्यातून घामाघूम होऊन आला की जिन्यातूनच ओरडे, "काकी, पाणी खायला दे." बंगाली माणूस पाणीही खातो आणि सिगारेटही खातो, त्याला दिनकर तरी काय करणार? काकी दर वेळी त्याला ताट-वाटी-भांडं मांडून पाणी वाढत आणि बाजूला मीठ ठेवत. तो निमूटपणे पाणी पिऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी खायला मागायचा.

काकींचा एक नियम मात्र साऱ्या घराला छळायचा. घरातला कचरा बाहेर टाकायचा नाही. गलाईच्या भट्टीपाशी जमीन झाडली की ती धूळ टाकत नाहीत. साठवतात, धुतात, आटवतात. त्यात सोन्याचा कण असतो. काकींनी तेच घरातही लावलं होतं. केर काढला की तो आधी सुपात घ्यायचा, बोटांनी चाळायचा आणि मग परवानगी. माझ्या हरवलेल्या कुड्या त्यांनी अशाच दोनदा शोधून दिल्या, त्यामुळे मला फार बोलता येत नसे. धुऊन बघितल्याशिवाय काहीही टाकू नये, हे त्यांचं ठाम मत होतं.

आता या घराच्या नावाकडे येते. गल्लीत आमच्या घराला बोर्गीबाडी म्हणत, बाडी म्हणजे घर. रिक्षावाल्याला, पोस्टमनला, कोळसेवाल्याला तेवढं सांगितलं की पुरे. काकींना या नावाचा कोण अभिमान! त्यांच्या मते बोर्गी म्हणजे बारगीर. बंगाल्यांना नीट म्हणता येत नाही म्हणून बोर्गी. त्यांच्या सासरचे कोणी मूळपुरुष सरकारी घोड्यावरचे बारगीर होते, आणि ही कीर्ती कलकत्त्यापर्यंत कशी पोचली याचं त्यांना जराही आश्चर्य वाटत नसे. पोचायचीच, असं म्हणत.

एकदा दुपारी काकी अंगणात वाळवण घालत होत्या. आतल्या खोलीत टुनी झोपायला तयार नव्हती, आणि बेला तिला थोपटत हळू आवाजात काहीतरी सांगत होती. त्यात बोर्गी, बोर्गी असं दोन-तीनदा आलं. काकींचे हात थांबले. मला म्हणाल्या, बघ, आमच्या घराण्याचं नाव घेऊन लेकराला निजवतीय, किती गुणाची पोर आहे. आणि मी काही म्हणायच्या आत त्या वर जाऊन भंडाऱ्याची वाटी घेऊन आल्या, बेलाच्या खोलीत शिरल्या, छातीवर हात ठोकून म्हणाल्या, "बोर्गी! मी बोर्गी!" आणि टुनीच्या कपाळाला भंडारा फासला. टुनीने जो टाहो फोडला तो अजून माझ्या कानात आहे. पोर आईच्या पदरात शिरली ती संध्याकाळपर्यंत बाहेर येईना. बेला शरमेने लालबुंद झाली, तरी तिने वाकून काकींना नमस्कार केला. काकी खुशीत बाहेर आल्या. म्हणाल्या, लेकरू जरा भित्रं आहे.

मी बावचळून गेले होते. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर दिनकर कठड्याला टेकून उभा. त्यालाच विचारलं. त्याच्या त्या मोडक्या मराठीत त्याने सांगितलं. दोनशे वर्षांमागे मराठ्यांचे घोडेस्वार बंगालात शिरत, गावं जाळत, धान्य लुटत, बायका पळवत. त्यांना इथे बोर्गी म्हणतात. त्यांच्या भीतीने या शहराने खंदक खणला होता. अजूनही बंगाली आई पोराला झोपवते ती बोर्गी येईल म्हणून. आणि आमच्या दारावरचा तो घोडेस्वार खंडोबा नव्हे. घराचं नाव माने येण्याआधीपासून बोर्गीबाडीच होतं. शाळेत पोरं दिनकरला बोर्गीच म्हणायची.

मी पुण्याची. आम्हाला शाळेत सगळे पराक्रम शिकवले होते. ते पलीकडच्या बाजूने कसे दिसले ते नव्हतं शिकवलं. मला खूप वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, कोणाचा ते कळेना. दिनकरने माझ्याकडून वचन घेतलं, की काकींना हे कधी कळता कामा नये. त्यांचा देव तो. कळलं तर त्या मोडून पडतील. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमचे हे म्हणतात. पण ही गोष्ट मी भिजवली. आणि गंमत बघा, सगळ्या गल्लीने भिजवली होती. दर चंपाषष्ठीला काकी बाजरीच्या पिठाने माखलेल्या हातांनी घरोघरी वांग्याचं भरीत आणि रोडगे वाटत. बोर्गीच्या नावाचं भरीत सगळे बंगाली मिटक्या मारत खात आणि कोणी ब्र काढत नसे. समोर राहणारे सान्यालबाबू, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, ते तर वाटीभर जास्त मागून घेत.

पन्नास-एकावन्नची गोष्ट असेल. पावसाळा संपता संपता घराच्या दर्शनी भिंतीला पोट सुटलं. तडे गेले, पालिकेचा माणूस बघून गेला, आणि दर्शनी भाग उतरवून नव्याने बांधायचा असं ठरलं. दिनकरने सान्यालबाबूंच्या घरी बसून साध्या, सपाट, सिमेंटच्या दर्शनी भिंतीचा नकाशा काढून घेतला. चुन्याचं शिल्प आहे, काढताना भुगा होणार, परत बसणार नाही, असं काकींना सांगायचं त्याने ठरवलं होतं. देव आपोआप गेला, कोणी काही बोलायला नको. मलाही वाटलं, सुटलो बाई.

पण काकींनी ते ऐकून घेतलं तर ना! त्यांनी एकच सांगितलं. "माझा देव होता तिथं परत बसला पाहिजे. न्हाईतर ही भिंत पडू दे माझ्या अंगावर." भिंतीच्या कामाला लावलेला रहमत मिस्त्री मुर्शिदाबादचा, जुन्या चुन्याच्या कामातला, पण पान तोंडात असल्याशिवाय त्याचा हात चालत नसे आणि पान असलं की तोंड चालत नसे. काकी खाली खुर्ची टाकून बसल्या आणि त्याला मराठीत हुकूम सोडू लागल्या. मागच्या विटांसकट शिल्पाचे तुकडे कापून, दोरांनी बांधून, एकेक करून खाली उतरवले. काकींनी स्वाराचं डोकं घोंगडीत घेतलं. पडलेल्या खपल्यासुद्धा गोणपाटात भरायला लावल्या. दिनकर हताश होऊन बघत होता. त्याच्या सपाट भिंतीचा नकाशा खिशातच राहिला.

सगळे तुकडे काकींच्या मागच्या खोलीत गेले. आणि मग काकींनी तेच केलं जे त्या कुठल्याही केराचं करत. त्या ते धुवायला बसल्या.

वर्षानुवर्षांचा भंडारा, त्याखाली चुन्याच्या सफेदीचे थर. काकी मऊ कुंचल्याने पाणी सोडत आणि नखाने हलकेच थर काढत. चार-पाच दिवस त्यांचं हेच चाललं होतं. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, म्हणून मी हातातलं टाकून धावले. घोड्यावरच्या बाईचा तुकडा त्यांच्या मांडीवर होता. ओला, स्वच्छ. मी इतकी वर्षं ज्याला म्हाळसेच्या हातातला चुडा समजत होते, ती दोरी होती. दोन्ही मनगटं एकत्र बांधलेली. तोंड उघडं होतं.

"ही रडतीय का गं?" काकींनी विचारलं.

मी पदराने त्या तुकड्यावरचं पाणी टिपायला लागले. काकींनी माझ्याकडे बघितलं, आणि मला काहीतरी ठाऊक आहे हे त्यांना तिथेच कळलं असणार. त्यांनी सान्यालबाबूंना बोलावून घ्यायला सांगितलं.

सान्यालबाबू आले, तुकडा पाहिला, चष्मा पुसला. त्यांना बंगालीतच नीट सांगता येणार होतं, आणि मराठीत आणायला दिनकरशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं ज्याने लपवलं त्यालाच ते वाक्य वाक्य करून सांगायची वेळ आली. हे घर बांधणाऱ्याच्या पणजोबांची धाकटी बहीण लग्नाआधी गावाकडे नदीवर गेली असताना बोर्गींनी उचलून नेली, असं म्हणता म्हणता दिनकर अडखळला. ती परत आलीच नाही. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असा दंडक होता. पुढे पणतू कलकत्त्यात येऊन मोठा झाला, त्याने घर बांधलं आणि जिचं नाव घ्यायचं नाही तिला दारावर बसवलं. सगळ्यांना दिसेल असं. गल्लीतली जुनी माणसं असं सांगत, म्हणे. सान्यालबाबूंनी शेवटी हात जोडले. म्हणाले, इतकी वर्षं सांगवलं नाही; तुमच्या हातचं खाल्लं होतं.

आम्हाला वाटलं, आता काकी रडतील, निदान ओरडतील तरी. त्या दिनकरकडे वळल्या. शाळेत पोरं तुला काय म्हणायची, असं त्यांनी विचारलं. त्याने मान खाली घालून सांगितलं. काकी म्हणाल्या, "आन् मी तुला रोज कपाळाला भंडारा लावून धाडायची." तो म्हणाला, कोपऱ्यावरच्या नळावर मी पुसायचो. मग काकींनी त्याला जवळ ओढलं, एवढ्या मोठ्या बाप्याला, आणि त्याच्या कपाळावरून पदर फिरवत राहिल्या. तिथे कोणाचेच डोळे कोरडे नव्हते, सान्यालबाबू तर सरळ पाठ करून उभे राहिले.

त्यानंतर काकी गप्प झाल्या. भिंत अर्धी चढली होती, आम्ही सगळे मागच्या खोल्यांत कोंबून राहत होतो, आणि रविवार आला नि गेला तरी घरात भंडाऱ्याची वाटी हलली नाही. आमच्या ह्यांचा कोट स्वच्छ राहायला लागला आणि मला तो बघवेना. मासेवाला दारात येऊन भांडणाची वाट बघायचा आणि तसाच जायचा. देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक होता, त्याची पूजा त्या करत; तेवढंच. एकदा मला म्हणाल्या, हा माझा मल्हारी न्हाई, मल्हारी बाईला दोरीनं बांधत न्हाई. दिनकरने हळूच सपाट भिंतीचा नकाशा पुन्हा बाहेर काढला आणि रहमतला देऊन टाकला. काकी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

मग एक दिवस बेला टुनीला कडेवर घेऊन वर आली. गल्लीत गोष्ट फिरायला वेळ लागत नाही, तिलाही कळलं होतं. ती दारातच उभी राहून रडायला लागली. मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत दोघींच्या मध्ये. ती म्हणत होती, मी लेकीला घाबरवत होते ते जुन्या गोष्टीतल्या माणसाला, तुम्हाला नव्हे. आम्ही घरदार सोडून आलो तेव्हा पहिल्या दिवशी चूल नव्हती, जेवायला याच घरातून आलं होतं. आणि टुनी आता बोर्गी म्हटलं की झोपत नाही, उठून बसते आणि भरीत मागते. हे शेवटचं मी मराठीत सांगितलं आणि काकींच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. पोट धरून हसल्या. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू!

बेला गेल्यावर त्या मागच्या खोलीत गेल्या. तुकड्यांपाशी बराच वेळ बसल्या. बाहेर आल्या आणि दिनकरला म्हणाल्या, नकाशा परत घे. दिनकरने कपाळाला हात लावला. त्याने परोपरीने समजावलं, की काकी, तो देव नाही, लोक नावं ठेवतील, कशाला पुन्हा? काकींनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "त्याचं मरू दे. ही या घरची लेक हाय. तिला मी परत घराबाहेर काढू व्हय?"

दिनकर नकाशा परत घेऊन आला. पण काकींचं पुढचं ऐकून सान्यालबाबू मात्र चांगलेच तापले. काकींची अट होती, की शिल्प बसेल, पण बाईच्या हातांची दोरी काढून. सान्यालबाबू म्हणाले, असं कसं? शंभर वर्षांचं जुनं काम आहे, त्यात ढवळाढवळ करायचा कोणाला हक्क नाही, आणि झालं ते झालं, ते पुसून कसं चालेल? दिनकरने भीत भीत मराठी केलं. काकी शांतपणे म्हणाल्या, "पुसायला कोण सांगतंय? तुमच्या पुस्तकात लिवा की बांधली होती म्हणून, शंभरदा लिवा. पर दारावर रोज तिला बांधून ठेवायची म्हंजी रोज उचलून न्यायची. ते माझ्या घरावर व्हायचं न्हाई."

सान्यालबाबू उठून गेले. दोन दिवस आलेच नाहीत. मला धाकधूक, की आता हे भांडण गल्लीचं होतं की काय. मराठी बाई बोर्गींची पापं धुतेय असं कोणी म्हटलं तर संपलंच. तिसऱ्या दिवशी बघते तर सान्यालबाबू पत्नीला घेऊन आले. पत्नी कधी घराबाहेर न पडणारी, इतरांच्या नऊ-दहा वाक्यांत एखादं बोलणारी. तिने नवऱ्याला बोलूच दिलं नाही. काकींच्या शेजारी बसली, मांडीवरचा तो तुकडा आपल्या मांडीवर घेतला आणि त्या बाईच्या मनगटावरून बोट फिरवलं. मग नवऱ्याकडे बघून बंगालीत म्हणाली, सोडवा. सान्यालबाबूंनी तेवढीच विनंती केली की जुन्या दोरीचा तुकडा आपल्याला द्यावा, ते जपून ठेवतील. काकींनी लगेच दिला.

रहमतने दोरी कापली आणि नवाच पेच उभा राहिला. हात मोकळे झाले, पण ठेवायचे कुठे? चुन्याचे हात नुसते हवेत राहत नाहीत, पहिल्याच पावसात गळून पडतील. त्यांना कशाचा तरी आधार पाहिजे. रहमतने सुचवलं, स्वाराच्या कमरेला मिठी घालू, नाहीतर हात जोडून ठेवू. काकींनी दोन्हीला नकार दिला. तोंडातलं पान थुंकून तो म्हणाला, मग काय धरू देत तिला? काकींनी तुकडे जमिनीवर लावून बघितले, घोड्याचं डोकं पुढे, स्वार मध्ये, बाई मागे. मग त्यांनी बोटाने दाखवलं. स्वाराच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे न्यायचे. लगाम तिच्या हातात द्यायचा. स्वाराच्या हातात भाला होताच, त्याला तेवढा पुरे.

आमची बदली त्यानंतर लवकरच झाली आणि मी काकींना फार थोडे दिवस आणखी पाहिलं. पण आजही त्यांची आठवण आली की मला दिसतात त्या परांची उतरवली त्या दिवशीच्या काकी. भिंत नवी, खिडक्या नव्या, आणि त्या कोऱ्या पांढऱ्या दर्शनी भागावर दरवाजाच्या वर तो जुना घोडेस्वार. बांबू सुटत होते तसतसा तो वरून खाली उघडा पडत होता. गल्ली लोटली होती. सान्यालबाबू पत्नीसह होते, बेला टुनीला खांद्यावर घेऊन होती, रहमत मिस्त्री कोणीतरी दाद देईल म्हणून घुटमळत होता. काकी रस्त्याच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभ्या. वर बघत होत्या. बाईचं तोंड तसंच होतं, उघडं. पण हात पुढे गेल्यामुळे ती आता रडताना दिसत नव्हती, घोड्याला हाक घालताना दिसत होती.

आणि नेमक्या अशा वेळी दिनकरने पचकायचं ठरवलं. तो बोट दाखवून म्हणाला, "काकी, पण घोडा अजून तिकडेच जातो आहे." खरंच होतं. घोड्याचं तोंड पश्चिमेला, हावड्याकडे, आमच्या मुलखाकडे. इतके दिवस इतक्या जणांनी इतका काथ्याकूट केला, पण हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रहमतचा चेहरा पडला. परांची तर उतरली होती.

काकींनी मानही वळवली नाही.

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "लगाम तिच्या हातात हाय. वळवंल तिला वाटंल तवा."

आणि पदर खोचून, वाटेतल्या बांबूंवरून पाय टाकत, त्या घोड्याखालच्या दारातून आत गेल्या.